निअँडरथल, म्हणजे आपल्या जवळच्या नात्यातली प्राचीन माणसं, संपले आणि आपण टिकलो, ते आपण जास्त हुशार होतो म्हणून का?

हुशारीचा मुद्दा आधी बाजूला ठेवू या, कारण त्यानं निअँडरथलांवर फार अन्याय होतो. त्यांचा मेंदू आपल्याएवढाच, कधी थोडा मोठाही होता. भूर्जाच्या सालीपासून चिकट डांबर काढून ते दगडी हत्यारं दांड्याला बसवत. इराकमधल्या शानिदार गुहेत सापडलेल्या एका पुरुषाचा उजवा हात निकामी झाला होता आणि एका डोळ्यानं त्याला बहुधा दिसत नव्हतं. तरीही तो चाळिशीच्या आसपास जगला. सोबतच्यांनी सांभाळून घेतल्याशिवाय हे शक्य नव्हतं.

सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी ते संपले. थंडीनं संपले म्हणावं, तर त्याआधीची हिमयुगं त्यांनी काढलीच होती. आपल्या पूर्वजांनी त्यांची सरसकट कत्तल केली, याला ठोस पुरावा नाही.

माझ्या मते मूळ दुखणं संख्येचं होतं. पश्चिम युरोपपासून सायबेरियापर्यंत ते पसरलेले होते, पण अगदी विरळ. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत एका निअँडरथल बाईच्या पायाच्या बोटाचं हाड मिळालं. तिचे आईवडील सावत्र भावंडांइतक्या जवळच्या नात्यातले होते, हे त्यातल्या डीएनएवरून कळलं. फ्रान्समधल्या मांद्रँ गुहेतल्या ‘थोरिन’ नाव दिलेल्या निअँडरथलाचं कूळ तर सुमारे ५०,००० वर्षं इतर निअँडरथलांपासून तुटलेलं होतं, हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. अशा टोळीत दोन-तीन हिवाळे वाईट गेले, काही बाळंतपणं बिघडली, की सावरायला माणसंच उरत नाहीत.

आता रशियातलं सुंगीर पाहा. सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी तिथं दोन मुलगे डोक्याला डोकं लावून पुरले होते, अंगावर मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्यांचे हजारो मणी. ती आपल्यासारखीच माणसं, टोळीही लहानच. पण डीएनए तपासला तर तिथं पुरलेल्यांपैकी कुणीही एकमेकांचे जवळचे नातेवाईक नव्हते. म्हणजे सोयरीक लांबच्या टोळ्यांशी जुळत असणार. अडीअडचणीला हेच संबंध कामी आले असतील, असं मला वाटतं.

तरी आपलं टिकणंही ठरलेलं नव्हतं. जर्मनीतल्या रानिसला ४५,००० वर्षांपूर्वी आधुनिक माणसं पोचली होती, पण त्यांचा वंश पुढे चालला नाही. फरक एवढाच, की आपल्या एका टोळीचा निर्वंश झाला तरी मागून दुसऱ्या येत राहिल्या. निअँडरथलांच्या मागे असं कुणी नव्हतं.

आणि ते पूर्ण संपले असंही नाही. जनुकशास्त्रज्ञ स्वांते पॅबो यांच्या गटानं २०१० साली त्यांचा जनुकसंच वाचला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा थोडा वाटा असल्याचं दिसलं. तो साधारण दोन टक्के आहे. कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा एक जनुकीय तुकडा त्यांच्याकडूनच आल्याचं २०२० साली समजलं. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत आहे, आपल्या दक्षिण आशियात जवळपास निम्म्या.