जोडीदार सोडून गेला, दहा वर्षं पाण्यात गेली का?

गोव्यात फोंड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कधी बॅडमिंटनच्या दुहेरीत खेळणाऱ्या मुलीचे वडील विचारतात, कधी एकांकिका करणाऱ्या मुलाची आई. ज्याच्याबरोबर शाळेपासून उभं राहायची सवय, तो मुंबईला निघून गेलेला असतो. "मॅडम, एवढी वर्षं दिली, सगळं फुकट गेलं का?" यावर काय बोलू नये हे मला शिकवलं ते एका मुलीनं, जिचा खेळ मी तोवर टीव्हीवरसुद्धा धड पाहिला नव्हता. घरच्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे. नाव नको. आजी तिला बाय म्हणते, आपणही तेच म्हणू.

२०२४चा जुलै, पाऊस कोसळत होता. आजी म्हार्दोळच्या बाजूची, नात कॅनडात वाढलेली, एकोणीस वर्षांची. आजीची तक्रार अशी: "दिवसभर बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसून पाऊस बघते. जेवत नाही. मोबाईलसुद्धा बघत नाही हो!" या शेवटच्या वाक्याला आजीचा आवाज खरा कापला.

बाय आइस डान्सर. बर्फावरचं नृत्य म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं हवेत फेकलेली, गिरक्या घेत खाली येणारी बाई आली. बायनं लगेच दुरुस्त केलं: ते पेअर्स, वेगळा प्रकार. आइस डान्समध्ये जोडीदाराला फेकायचं नाही, मोठ्या उड्या नाहीत, उचललं तरी डोक्यावर हात ताणून धरायचं नाही. सगळं कसब स्केटच्या पात्याच्या कडांवर आणि दोघांतल्या अंतरावर. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार आला १९७६ला, इन्सब्रुकला. २०१०ला व्हँकुव्हरमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीनं हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाच केला, तेव्हा बाय पाच वर्षांची होती. टीव्हीसमोर सगळं घर उभं राहिलं, आणि पुढच्या हिवाळ्यात तिच्या पायात स्केट्स आले.

दहाव्या वर्षी जोडी जमली. या खेळात मुली पुष्कळ आणि मुलगे कमी, त्यामुळं 'ट्रायआउट' होतात: उंचीचा मेळ, गुडघ्यांचं वाकणं, कोण कुठल्या शहरात राहायला तयार आहे, कोणाचे आईवडील किती खर्च करू शकतात. कधी कधी मुलाचा खर्चही मुलीकडचे उचलतात. आजी हे ऐकून म्हणाली, "म्हणजे स्थळंच की! आणि वर हुंडा."

नऊ वर्षांनी, मोसम संपल्यावर, मे महिन्यात त्या मुलानं दुसरी जोडीदार धरली. तोंडानं त्यानं सांगितलंही नाही. प्रशिक्षकानं सांगितलं, बर्फाच्या मैदानाबाहेर, रिंकच्या पार्किंगमध्ये, दोन मिनिटांत.

पहिल्या भेटीत मी नेहमीचंच विचारलं: झोप, भूक, मरणाचे विचार, पाळी. मरणाचे विचार नव्हते. पाळी मात्र चार महिने बंद होती आणि तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. उचलताना हलकं वाटावं म्हणून दोन वर्षं जेवण तोडलेलं. शरीराला खर्चाइतकं अन्न मिळालं नाही की पाळी थांबते, हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, इतकी ती खेळाडूंमध्ये दिसते. मी तिला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. पालकांनो, मुलगी खेळाडू असेल तर पदकाआधी हे विचारा. लाज वाटली तर आजीला विचारायला सांगा. आणि दोन आठवड्यांवर झोप-भूक उडालेली असेल, जगण्याचाच कंटाळा बोलण्यात येत असेल, तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, बांबोळीची मानसोपचार संस्थाही आहे.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. रात्री बसून वाचलं होतं, ते तिला धीर द्यायला सांगितलं: ब्रिटनची जेन टॉर्विल आधी दुसऱ्याच मुलाबरोबर पेअर्स खेळायची, क्रिस्टोफर डीनचीही आधीची जोडीदार वेगळी होती. दोघांच्या जुन्या जोड्या तुटल्या म्हणून ते १९७५ला एकत्र आले, आणि १९८४ला सारायेव्होत कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना पैकीच्या पैकी, ६.० दिले. बायनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे मला मेमध्ये चार जणांनी सांगितलं," ती म्हणाली. (तिचं बोलणं मराठी, कोकणी, इंग्रजी असं मिसळलेलं. मी सरळ करून लिहिते.) "पहाटे साडेपाचला रिंकवर तो नसणार, त्याचं मी काय करू, हे कोणी सांगत नाही."

माझी बोलती बंद झाली.

तिथं मला कळलं की घरातले सगळे करिअरबद्दल बोलत होते आणि ती माणसाबद्दल. नऊ वर्षं रोज ज्याचा हात हातात, ज्याचा श्वास मोजून पाऊल टाकायचं, तो तिचा कोण? प्रियकर नव्हे, भाऊ नव्हे, मित्र म्हणावं तर रिंकबाहेर दोघं फारसे भेटतही नसत. मैत्रिणींना वाटलं ब्रेकअप. शेजारणीनं आजीला हळूच विचारलं, "चलो (मुलगा) कोण होता?" आईला तर सुटल्यासारखं वाटलं, आता शिकेल तरी. ज्या दुःखाला समाज सुतक पाळू देत नाही त्यावर केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९पासून लिहिलं आहे. हे तसलं सुतक होतं. नात्याला नाव नाही, मग रडायचं कोणत्या नावानं?

बाबांशी व्हिडिओवर बोलले. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात, टोरांटोत सकाळचे दहा. त्यांच्याजवळ आकडेच होते: रिंकचे तास, प्रशिक्षक, नाच बसवणारा, पोशाख, बूट, पाती. त्यांना लगेच नवा जोडीदार हवा होता, आईला लगेच विद्यापीठ. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, तिनं रडणं थांबवावं. मी सांगितलं, सहा आठवडे काही ठरवू नका, आणि हा हिशोब तिच्यासमोर मांडू नका. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, "मांडून झालाय."

तिसऱ्या भेटीला आजीलाही आत बोलावलं. आजी म्हणाली, "फुगडीत एकीनं हात सोडला की दोघी आपटतात. तोसुद्धा पडला असणार कुठंतरी." मला बोलणं आवडलं. बाय वैतागली. "आजी, आमच्यात तसं नसतं. तुम्ही एकमेकींच्या भारावर मागं रेलता. आम्ही असे रेललो तर बर्फावर पडू. ज्यानं त्यानं आपल्या पात्याच्या कडेवर उभं राहायचं, हात फक्त..." आणि ती थांबली.

"फक्त कितें?" आजीनं विचारलं.

उत्तर आलं नाही. तेवढ्यात वीज गेली आणि आजी बस चुकेल म्हणून उठली.

चौथ्या भेटीत मी तिला सांगितलं, तुझा शेवटचा फ्री डान्स, म्हणजे स्पर्धेतला मोठा नाच, मला तोंडानं करून दाखव, चार मिनिटं, तो मुलगा कुठं आहे तेही सांग. उचलण्याच्या जागी ती रडली, तिथं आम्ही बराच वेळ थांबलो. मग पुढं ट्विझल आले. ट्विझल म्हणजे एका पायावर भराभर गिरक्या घेत पुढं सरकणं. दोघं शेजारी असतात पण हात धरलेले नसतात, आणि तरी गिरक्या एकाच वेळी लागाव्या लागतात. "इथं एक-दोन कोण मोजतं?" मी सहज विचारलं.

"मी." थोड्या वेळानं, "मीच मोजायची. तो माझं ऐकून सुटायचा."

त्याची पावलंही तिला पाठ होती, उजवी-डावीसकट. पाण्यात काय गेलं या बाबांच्या प्रश्नाला मी पुढच्या कॉलवर एवढंच सांगितलं: जोडी गेली, तिचं दुःख होऊ द्या. मोजणं तिच्याजवळ आहे. आठवड्याभरानं आजीचा फोन आला की पोर मोजे घालून हॉलच्या फरशीवर गिरक्या घेते, पावसाची ओल धरलेली, पडली तर?

पुढचे रस्ते तिनं स्वतःच काढले. कॅनडाच्या संघटनेनं डिसेंबर २०२२मध्ये देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्या 'दोन स्केटर' अशी केली आहे, म्हणजे तिथं मुलगीही जोडीदार चालते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र अजून एक स्त्री आणि एक पुरुषच लागतो. एका काकांनी भारतातर्फे खेळ म्हणून सुचवलं. जोडीदार तिथंही लागेलच, शिवाय ऑलिंपिकसाठी दोघांकडेही त्या देशाचं नागरिकत्व हवं. तो विषय चहाबरोबर संपला.

ऑक्टोबरात तिची मेल आली. पाळी सुरू झाली होती. कॉलेजात नाव घातलंय, शनिवारी लहान मुलांना बर्फावर उभं राहायला शिकवते. दोन ट्रायआउट झाले. एकानं नाही म्हटलं, दुसऱ्याला तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. पहाटे साडेपाचला रिंकवर जायला अजून जमत नाही, सातला जाते.

मी आजीला फोनवर हे सांगितलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दुसऱ्याची उंची किती, विचारलंत का?"