वाचकांचे प्रश्न : गाडी आपली, चालक दुसरा

प्रश्न : माझे साडू लग्नाच्या खरेदीसाठी माझी गाडी घेऊन सांगलीला गेले होते. येताना वळणावर गाडी दुभाजकाला घासली आणि पुढचा बंपर व डावा दिवा फुटला. कोणालाही इजा झाली नाही. वर्कशॉपने 28 हजार रुपयांचा अंदाज दिला आहे. साडूंकडे मुदतीतले लायसन्स आहे. परंतु ओळखीचे एक विमा एजंट म्हणतात की पॉलिसी माझ्या नावावर असल्याने ‘गाडी मीच चालवत होतो’ असे लिहून द्यावे, नाहीतर क्लेम बसणार नाही. काय करावे?
– एक वाचक, कराड

उत्तर : एजंटांचा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय तो आपल्याला अडचणीत आणणारा आहे. आपली पॉलिसी काढून ‘ड्रायव्हर’ या शीर्षकाखालचा मजकूर वाचावा. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत तेथे असे म्हटलेले असते की विमाधारकासह कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते. अट एवढीच की अपघाताच्या वेळी तिच्याकडे प्रभावी लायसन्स असावे आणि लायसन्स बाळगण्यास ती अपात्र ठरलेली नसावी. म्हणजे विमा गाडीचा असतो आणि चालकाकडून मुख्यतः लायसन्सची अपेक्षा असते. नाते, ओळख किंवा गाडी कितव्यांदा नेली, याच्याशी पॉलिसीला कर्तव्य नसते. साडूंनी गाडी आपल्या संमतीने नेली होती, त्यांचे लायसन्स वैध होते आणि त्यांनी मद्यपान केलेले नव्हते, एवढे असेल तर हा क्लेम सरळ आहे.

क्लेम फॉर्मवर अपघाताच्या वेळच्या चालकाचे नाव व लायसन्स क्रमांक यांसाठी स्वतंत्र रकाना असतो. मालक आणि चालक वेगळे असू शकतात हे गृहीत धरूनच तो छापलेला असतो. तेथे साडूंचे नाव लिहावे आणि त्यांच्या लायसन्सची प्रत जोडावी. आपले नाव लिहिल्यास मंजूर होण्याजोगा क्लेम खोट्या माहितीच्या कारणावरून नामंजूर करण्याचे निमित्त आपणच कंपनीच्या हाती देतो. नुकसान तपासणारा सर्व्हेअर चालकाशी बोलतो, प्रसंग विचारतो. त्या दिवशी आपण कराडलाच दुकानात किंवा कचेरीत होता हे उघड व्हायला फार वेळ लागत नाही. पुढे कोणी जखमी झालेल्या प्रकरणात हीच ‘चालक बदलण्याची’ युक्ती केली, तर मामला पोलिसांपर्यंत जातो. दुर्दैवाने ही युक्ती आपल्याकडे इतकी सर्रास सांगितली जाते की ती नियमाचाच भाग आहे असे अनेकांना वाटते.

क्लेम करावा की नाही, हा मात्र वेगळा हिशेब आहे. नो क्लेम बोनस गाडीच्या मालकाचा असतो. गाडी कोणीही ठोकली तरी ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, क्लेम घेतला की तो मालकाचा जातो. विनाक्लेम पहिल्या वर्षानंतर 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत पोहोचणारी ही सवलत एका क्लेमने शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. शिवाय झीरो डेप (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतलेले नसेल तर प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या किमतीतून 50 टक्के घसारा वजा होतो, म्हणजे बंपरचा निम्मा भार आपल्यावरच पडतो. त्यात 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला किमान 1000 रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, असते. 28 हजारांतून हे सारे वजा करून हाती किती येते आणि पुढच्या काही वर्षांत प्रीमियम किती वाढतो, हे कागदावर मांडून पाहावे. फरक थोडाच निघाला, तर खर्च साडूंशी बोलून वाटून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. लग्नघरात हा विषय काढणे अवघड आहे, हे मान्य.

प्रश्न : मित्राने माझी गाडी नेली होती. समोर अचानक म्हैस आल्याने गाडी झाडावर आदळली आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. माझ्या पॉलिसीत 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे. त्यातून त्याच्या रुग्णालयाचा खर्च मिळेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, आणि याची दोन कारणे आहेत. आपल्या पॉलिसीतील 15 लाखांचे संरक्षण ‘मालक-चालक’ यासाठी आहे. गाडी चालवणारा मित्र मालक नसल्याने पॉलिसीच्या मजकुरानुसार तो त्यात येत नाही. दुसरे म्हणजे हे संरक्षण मृत्यू आणि ठरावीक प्रकारच्या कायमच्या अपंगत्वासाठी असते, उपचारांच्या बिलांसाठी नसते. मित्राचा स्वतःचा आरोग्य विमा असेल तर तोच येथे उपयोगी पडेल.

थर्ड पार्टी, म्हणजे तिऱ्हाईत, म्हणून तरी भरपाई मिळेल, असे अनेकांना वाटते. तेही होत नाही, कारण जो मालकाकडून गाडी मागून नेतो तो कायद्याच्या दृष्टीने मालकाच्याच जागी उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2020 मध्ये हेच सांगितले. 2020 च्या प्रकरणात मागून नेलेल्या मोटारसायकलचा अपघात दुसऱ्या मोटारसायकलमुळे झाला होता. परंतु मृताच्या वारसांनी त्या दुसऱ्या गाडीवर दावाच लावला नाही, मागून नेलेल्या गाडीच्या मालकावर व विमा कंपनीवर लावला. न्यायालयाने त्यांना केवळ पॉलिसीतील करारानुसार ठरलेले एक लाख रुपये देऊ केले. समोरून दुसरे वाहन असते आणि चूक त्याची असती, तर आपल्या मित्राला त्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता आले असते. म्हशीबाबत तो मार्ग नाही. गाडी वारंवार इतरांच्या हाती जात असेल, तर अनामिक प्रवाशांसाठीचे वैयक्तिक अपघात संरक्षण थोडा अधिक प्रीमियम भरून घेता येते. मात्र त्यात चालक धरला जातो की नाही, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. मित्राच्या शेजारी बसलेल्यांचे दायित्व पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचे नुकसान व थर्ड पार्टी, दोन्हींचा विमा) येते, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ते येत नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आपली पांढऱ्या पाटीची गाडी सुटीत पर्यटकांना ‘ओळखीवर’ देतात आणि दिवसाचे पैसे घेतात. विमा चालू आहे असे ते म्हणतात.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पॉलिसी चालू असली तरी तिचे संरक्षण अशा वापराला मिळत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वा मोबदल्यासाठी वापर वगळलेला असतो आणि गोव्यात भाड्याने देण्याच्या गाडीला काळी पाटी व पिवळी अक्षरे लागतात, हे आपण रोज पाहताच. एका जुन्या प्रकरणात टॅक्सी म्हणून वापरली जाणारी खासगी गाडी प्रवाशांनीच पळवली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये 75 टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. मात्र तो चोरीचा प्रश्न होता. अपघाताच्या क्लेममध्ये तशी उदारता गृहीत धरू नये. मित्राने गाडी परत देताना टाकी भरून दिली, त्याला मात्र सहसा कोणी भाडे म्हणत नाही.

प्रश्न : पुतण्याकडे लर्निंग लायसन्स आहे. त्याला गाडी द्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 3 पाळला तरच. गाडीच्या पुढे व मागे ‘एल’ पाटी हवी आणि शेजारी वैध लायसन्स असलेली, गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल अशी व्यक्ती बसलेली हवी. तो एकटा निघाला तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. तिऱ्हाईत जखमी झाल्यास, सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या तीन न्यायमूर्तींच्या निकालानुसार, मालकाने हयगय केली हे कंपनीला सिद्ध करावे लागते. तसे सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण पीडिताला आधी कंपनीकडून पैसे देऊन ते पुढे मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हाही आहे : मोटार वाहन कायद्याच्या कलम 180 नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुतण्या अठराच्या आतला असल्यास मोटारीचे लर्निंग लायसन्स मिळतच नाही आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199अ लागू होते, ज्यात पालक वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होण्याची तरतूद आहे.