गोव्याला गाडीनं की विमानानं? आधी धाकटीची जन्मतारीख बघा

प्रश्न : आम्ही नागपूरला बेसा भागात राहतो. मिस्टर मिहानमधल्या खासगी कंपनीत आहेत, मी बँकेत. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, मुलगी 11 डिसेंबरला दोन वर्षांची होईल. नाताळच्या आठवड्यात सहा दिवस गोव्याला जायचं ठरवतोय. थेट विमानाचं भाडं तेव्हा माणशी एका बाजूचं 10,500 दिसतंय, म्हणजे चौघांचे जाऊन-येऊन 84,000. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेच 6,500 आहे. हे म्हणतात, पेट्रोल आणि टोल धरून एकवीस हजारांत गाडीनं जाऊन येऊ, नवी गाडी काय बेसा ते बुटीबोरी चालवायला घेतली? गाडी हेच चालवतील, मला हायवेची सवय नाही. सहलीसाठी 70,000 बाजूला ठेवलेत. शिवाय दोन लाखांची एफडी आहे, त्यातून थोडे काढावेत का? घरखर्च गाडीच्या हप्त्यासकट महिन्याला 55,000 आहे. एवढ्या लहान मुलांना घेऊन इतका प्रवास मला झेपेल असं वाटत नाही. पण माझ्या हट्टापायी साठ हजार जास्तीचे जायला नकोत.

उत्तर : ताई, तुमच्या घरात वाद 84,000 विरुद्ध 21,000 असा चाललाय आणि हे दोन्ही आकडे चुकीचे आहेत. विमानाचा आकडा अर्ध्यावर येतो, गाडीचा जवळपास पावणेदोनपट होतो. म्हणून हट्ट वगैरे शब्द बाजूला ठेवा आणि आधी हिशोब नीट मांडू.

विमानापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे अडकली आहे. देशांतर्गत विमानात दोन वर्षांखालचं मूल आईबाबांच्या मांडीवर बसतं आणि त्याचं वेगळं, बरंच कमी शुल्क लागतं. एका बाजूचे दोन हजारांच्या आसपास धरा. मूल दोन वर्षांचं झालं की त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते आणि तिचं भाडं जवळजवळ मोठ्या माणसाइतकंच असतं. वय धरतात ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढलं त्या दिवशीचं नाही. नाताळात तुमची धाकटी दोन वर्षं पूर्ण झालेली असेल, म्हणून चार सीट लागतील. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर तीनच. तीन सीट, 6,500 प्रमाणे जाऊन-येऊन 39,000, धाकटीचे 4,000, एकूण 43,000. तारीख तीन आठवडे अलीकडे ओढली की 41,000 रुपये वाचतात. गाडी की विमान या वादात तुम्ही जेवढे वाचवू पाहताय, त्यातला मोठा हिस्सा इथेच हाती येतो.

एक सावधगिरी बाळगा. 8 ला जाऊन 12 ला परत यायचं असं काही करू नका. जाताना ती मांडीवर बसेल आणि येताना तिला पूर्ण भाड्याची सीट लागेल. परतीचं विमान 10 डिसेंबरच्या आतलंच हवं. मुलगा केजीत असेल किंवा पहिलीत, शाळेचे चार दिवस बुडाल्यानं त्याचं काही अडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. बँकेतून तुम्हाला रजासुद्धा नाताळापेक्षा तेव्हा सहज मिळेल.

आता गाडी. तुमचे मिस्टर पेट्रोल-टोलचा आकडा बरोबर सांगतायत, पण तो तेवढाच सांगतायत. नागपूर ते गोवा रस्त्यानं साधारण 1,050 किलोमीटर. जाऊन-येऊन 2,100 आणि तिथलं फिरणं 300, म्हणजे 2,400 किलोमीटर. एसी लावून, सामान भरून गाडी लिटरला 15 किलोमीटर देईल असं धरलं तर 160 लिटर पेट्रोल. 105 रुपयांच्या भावानं 16,800. टोलचे 4,000. त्यांचे एकवीस हजार इथपर्यंत जुळतात. पण एवढं अंतर लहान मुलांसोबत एका दिवसात होत नाही. जाताना एक मुक्काम, येताना एक, खोलीचे 3,000 प्रमाणे 6,000. रस्त्यावरचं चार दिवसांचं खाणंपिणं 4,000. शिवाय टायर, ऑइल, सर्व्हिसिंग ही गाडीची झीज किलोमीटरला किमान दोन रुपये धरावीच लागते, ते 4,800. ही झीज त्या आठवड्यात खिशातून जात नाही म्हणून कोणी मोजत नाही, पण ती पुढच्या सर्व्हिसिंगच्या बिलात येतेच. एकूण 35,600.

त्यांच्या बाजूचं म्हणणं मी हलकं समजत नाही. नवी गाडी आहे, हप्ता भरतोय, ती दाराशी उभी ठेवून टॅक्सीचे पैसे द्यायचे हे कुणालाही खटकेल. पण हप्ता गाडी चालवली तरी जातो, नाही चालवली तरी जातो. या निर्णयात तो धरायचाच नाही. धरायचा तो फक्त गाडी बाहेर काढल्यानं होणारा नवा खर्च.

रस्त्याचंही बोलू. ‘आता समृद्धी झाला’ असं घरोघरी ऐकतो. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे हे खरं, पण तो मुंबईकडे नेतो. गोव्यासाठी तो धरला तर पुढे पुणे, कोल्हापूर असा वळसा पडतो. एप्रिल 2025 पासून त्यावर कारला किलोमीटरमागे 2.06 रुपये टोल आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आलेला फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धी हा राज्याचा रस्ता असल्यानं तिथे तो चालत नाही. तुमचा रस्ता वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, पुढे विजापूर, बेळगाव असा राहील. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची चर्चा खूप आहे, पण तो अजून कागदावर आहे, त्याच्या भरवशावर यंदाची सहल आखता येत नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी लातूरपर्यंत पावणेपाचशे किलोमीटर आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, शेवटी थकलेल्या ड्रायव्हरच्या वाट्याला चोर्ला घाटाची वळणं. दर दोन तासांनी थांबावंच लागेल. दोन वर्षांचं मूल त्याहून जास्त वेळ बसत नाही, आणि बसवूही नये. चालवणारा माणूस एकच. गाडीत तुम्ही मागे दोघांना सांभाळणार आणि पुढे त्यांच्याशी बोलायलाही कोणी नाही. विदर्भातल्या लांब, सरळ रस्त्यांवर डोळा कसा लागतो हे नागपूरकरांना मी सांगायला नको. पैशाच्या तक्त्यात ही गोष्ट लिहिता येत नाही, म्हणून ती सोडून देणं मला पटत नाही.

लहान मुलांची सीट तुमच्याकडे आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळासाठीची खास सीट लागते, नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, मांडीवरचं मूल जोराच्या ब्रेकला हातात राहत नाही. ही सीट मी सहलीच्या खर्चात धरली नाही, कारण ती बेसा ते सीताबर्डी जातानासुद्धा लागतेच. नसेल तर याच महिन्यात घ्या.

आता दोन्ही सहली पूर्ण मांडतो. हॉटेलची खोली रात्रीला 4,000 धरली आहे. गाडीनं सहा दिवस : प्रवासाचे 35,600, गोव्यात तीन रात्रींचे 12,000, तिथलं खाणंपिणं 6,000, एकूण 53,600. सहातले चार दिवस रस्त्यात जातात, गोव्याचे पूर्ण दिवस मिळतात दोन. विमानानं पाच दिवस : तिकिटांचे 43,000, बेसा ते सोनेगाव विमानतळ जाण्यायेण्याचे 800, चार रात्रींचे 16,000, खाणं आणि किरकोळ 12,500. गोव्यात टॅक्सी महाग पडते, म्हणून विमानतळावरून हॉटेलपर्यंतचे जाऊन-येऊन 4,000 आणि दोन दिवसांपुरती भाड्याची गाडी पेट्रोलसकट 4,600. पाचही दिवस गाडी घेऊ नका. इतक्या लहान मुलांना किनाऱ्याजवळचं हॉटेल आणि वाळू मिळाली की दुसरं काही लागत नाही. एकूण 80,900. जायचं-यायचं विमान सोयीच्या वेळेचं मिळालं तर तीन पूर्ण आणि दोन अर्धे, म्हणजे चार दिवस हाती येतात.

गाडीनं गोव्याचा एक दिवस 26,800 ला पडतो, विमानानं 20,200 ला. आणि तुमच्या रजेचा एक दिवस वाचतो. माझा कौल यावरच आहे : एवढ्या थोड्या दिवसांसाठी, एवढ्या लहान मुलांना घेऊन गोव्याला जायचंच असेल तर विमानानं जा. सुट्टी दहा दिवसांची असती तर मी उलट सांगितलं असतं. तेव्हा तुळजापूर, सोलापूर असे मुक्काम करत गाडीनं जाणं स्वस्तही पडलं असतं आणि आनंदाचंही. पुढच्या वर्षीपासून चार सीट लागणार. गाडीत चौथं माणूस फुकट बसतं, विमानात बसत नाही. त्यामुळे पुढच्या काही वर्षांच्या सहली मी तुम्हाला गाडीनंच सांगेन. विमानाची सवलत आहे ती या डिसेंबरपुरती.

ट्रेनबद्दल तुम्ही विचारलं नाही. नागपूर-मडगाव विशेष गाडी भुसावळ, कल्याण, पनवेलवरून कोकण रेल्वेनं जाते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. मुलाला पाच पूर्ण झाल्यामुळे बर्थ घेतला की पूर्ण भाडं. मुलांना डब्यात फिरता येतं, शौचालय जवळ असतं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पण जाऊन-येऊन जवळपास दोन दिवस जातात आणि गाडी रोज नाही, म्हणून पाच दिवसांच्या सुट्टीत ती बसत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. 70,000 आहेत, 80,900 लागतील. एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडली की बँक व्याजदर कापते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण माझं कारण वेगळं आहे. तुमचा महिन्याचा खर्च 55,000, एफडी दोन लाखांची. म्हणजे तुमची तातडीची गंगाजळी चार महिनेसुद्धा पुरत नाही. मिस्टरांची नोकरी खासगी, दोन लहान मुलं, डोक्यावर गाडीचं कर्ज, अशा घरात सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 3,30,000 तरी हवेत. जिथे आधीच एक लाख तीस हजार कमी आहेत तिथून सहलीसाठी काढायचे नाहीत. तिकिटाच्या वेळी ‘नो कॉस्ट ईएमआय’ दिसेल, तोही टाळा. त्यात व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क तुमच्याकडूनच जातं. त्याऐवजी ऑगस्ट ते नोव्हेंबर असे चार महिने दरमहा 2,800 वेगळे ठेवा. 11,200 होतात, फरक भरून निघतो.

तिकीट काढताना धाकटीची नोंद ‘इन्फंट’ म्हणूनच करा आणि जन्मतारीख नीट भरा. विमानतळावर वयाचा पुरावा मागतात, महानगरपालिकेचा जन्मदाखला किंवा आधार सोबत ठेवा. नसेल तर पूर्ण भाडं मागितलं जाऊ शकतं. सीटमागे साधारण 15 किलो सामान चालतं, मांडीवरच्या बाळाला वेगळं वजन मिळतं का ते त्या कंपनीच्या नियमात बघा. विमान थेटच घ्या. मुंबईत बदलून जाणारं स्वस्त दिसलं तरी दोन मुलांना घेऊन तिथे चार तास काढणं हा खर्चच आहे. शिवाय डिसेंबरात आपल्याकडे हिवाळी अधिवेशन असतं, त्या दिवसांत मुंबई-नागपूर विमानांना गर्दी होते.

भाडी रोज बदलतात, म्हणून एक मर्यादा आत्ताच दोघांनी मिळून ठरवा. माझ्या मते ती सीटमागे एका बाजूला 8,000. तिथे पोचलं की खर्च 90,000 च्या घरात जातो आणि तो तुमच्या खिशाबाहेर आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थेट विमान त्याच्या आत मिळालं नाही तर गोवा सोडा आणि गाडी काढा, पण पचमढीला. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा साधारण अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे, सकाळी निघालात तर दुपारचं जेवण तिथे. चार रात्री, पेट्रोल, गाडीची झीज, जंगलातल्या ठिकाणांसाठी लागणारी स्थानिक जीप, सगळं धरून 38,000 च्या आसपास होईल. मिस्टरांना गाडी चालवायला मिळेल, आणि उरलेले 32,000 थेट त्या एफडीच्या जोडीला टाका. डिसेंबरात तिथे थंडी कडक असते, मुलांचे स्वेटर, कानटोप्या आठवणीनं घ्या.