बाईक चालवताना हेल्मेटच्या आत इअरप्लग घालावे का? मागचा हॉर्न ऐकू येते का?

घाला भाऊ, नक्की घाला. अमरावती-नागपूर हायवेनं रोज जाणंयेणं असन तर जास्तच गरज हाये. लोकाईले वाटते त्रास इंजिनच्या आवाजाचा होते, पण स्पीड वाढला की खरा आवाज हेल्मेटवर आदळणाऱ्या हवेचा असते, ८०-१०० च्या स्पीडले तो कानापाशी ९० डेसिबलच्या वर जाऊ शकते अन् फुल फेस हेल्मेटनंबी थांबत नाही. ८५ डेसिबलचा आवाज कानाले दिवसाले ८ तास चालते म्हणतात, पुढं दर ३ डेसिबलले वेळ अर्धा होत जाते, म्हणजे १०० डेसिबलले फक्त १५ मिनिटं! आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, मंग कानात कायमची शिट्टी वाजत राहू शकते.

हॉर्न ऐकू येते. उलट हवेची घरघर कमी झाली की ट्रकचा हॉर्न जास्त साफ समजते. मेडिकलमधून फोमचे घ्या, बोटानं वळून बारीक करा, कान वर अन् मागं ओढून आत सरकवा अन् फुगेपर्यंत धरून ठेवा. कापसाचे बोळे कामाचे नाहीत, गाण्याचे इअरफोन तर नकोच. स्कूटीनं हळूहळू वावरापर्यंतच जाणं असन तर राहू द्या.