‘रिमूव्हल’ म्हणजे स्थलांतर?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत जॉर्जिया-टेनेसीतून गाडीने जाताना रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्यांवर ‘चेरोकी रिमूव्हल’ हे शब्द सारखे दिसतात (चेरोकी ही तिथली एक मूलनिवासी जमात). प्रवासवर्णनात ‘चेरोकींचं स्थलांतर’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘हिस्टॉरिकल मार्कर’ला मराठीत काय म्हणायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं: स्मृतिफलक. स्मारक म्हटलं की आपल्याला चौथरा आणि पुतळा दिसतो. ही बहुधा खांबावरची ओतीव धातूची पाटी असते. कोनशिला तर नकोच, ती इमारतीची.

‘स्थलांतर’ मात्र मला खटकतं. स्थलांतर करणारा स्वतः कर्ता असतो. फ्लेमिंगो करतात, ऊसतोड मजूर करतात (पोटापायी का होईना, बिऱ्हाड तेच उचलतात). ‘चेरोकींनी स्थलांतर केलं’ या वाक्यातला ‘नी’ सगळं त्यांच्याच अंगावर ढकलतो.

घडलं होतं भलतंच. १८३० मध्ये अमेरिकेने मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे धाडायचा कायदा केला, त्याच्या नावातच ‘रिमूव्हल’ आहे. १८३५ च्या डिसेंबरात जॉर्जियातल्या न्यू एचोटा इथे मूठभर चेरोकींनी जमीन सोडायच्या करारावर सह्या केल्या. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस आणि बहुतेक सगळी जमात विरोधात होती, तरी सिनेटमध्ये तो गरजेपेक्षा एकाच मताने जास्त मिळवून मंजूर झाला. मे १८३८ मध्ये जनरल विनफील्ड स्कॉटचे सैनिक दारात आले. सुमारे १६,००० माणसांना घराबाहेर काढलं; त्यातली अंदाजे ४,००० दगावली.

(याच न्यू एचोटातून १८२८ पासून चेरोकी आणि इंग्रजीत ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघत होतं. आपलं ‘दर्पण’, तेही मराठी-इंग्रजीच, १८३२ चं.)

वाटेला लावण्याआधी त्यांना जिथे ठेवलं, त्या कुंपणबंद ठाण्यांना ‘छावणी’ म्हणावंसं वाटेल. पण छावणी आपल्याकडे सैन्याची, नाहीतर दुष्काळात गुरांच्या चाऱ्याची. इथे शब्द हवा कोंडवाडा.

मग ‘रिमूव्हल’ला काय? ‘तडीपार’ एकेकट्या गुन्हेगाराला करतात, तो नको. ‘विस्थापन’ चालेल, पण त्याला सरकारी फायलीचा वास येतो, कोयनेच्या धरणग्रस्तांपासूनचा. ‘देशोधडीला लावलं’ नेमकं आहे. फक्त कायद्याच्या नावात शोभणार नाही. तिथे ‘हकालपट्टी कायदा’ म्हणा. मूळ शब्द सौम्य आहे हे खरं, पण ती सौम्यता कायदा करणाऱ्यांच्या सोयीची होती. कायद्याचं नाव जसंच्या तसं हवं असेल तर ‘रिमूव्हल’ देवनागरीत ठेवा, हरकत नाही.

चेरोकींच्या या सक्तीच्या प्रवासाला इंग्रजीत ‘ट्रेल ऑफ टीअर्स’ म्हणतात; त्याला ‘अश्रूंची वाट’ छान बसतं. ‘मार्ग’ केलात की महामार्ग होतो. आणि पाटीवरच्या ‘चेरोकी रिमूव्हल’बद्दल प्रवासवर्णनात मी असं लिहीन: ‘१८३८ साली सैन्याने इथल्या चेरोकींना घरांतून हुसकावून कोंडवाड्यात डांबलं आणि पश्चिमेला हाकललं.’