अ‍ॅप म्हणतं १४४, कान म्हणतात ७२

प्रश्न : आमच्या चर्चच्या क्वायरला 'अबाइड विथ मी' हे भजन बसवायचंय. एक जुनं इंग्लिश रेकॉर्डिंग मिळालं, ऑर्गन आणि मोठा क्वायर. मोबाईलच्या अ‍ॅपला ऐकवलं तर टेम्पो १४४ आणि 'की' (पट्टी) सी मायनर दाखवतंय! इतकं संथ गाणं १४४ कसं? आणि मी पेटीवाला माणूस, मला काळी-पांढरीतच सांगा. – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : १४४ चे निम्मे करा, मिनिटाला ७२ मात्रा. झालं. अ‍ॅप लय शोधतं ती ठोक्यांवरून, म्हणजे ढोलक, ड्रम असं काहीतरी टणकन वाजलं की त्याला बरं पडतं, पण ऑर्गनचा सूर हळूच उमटतो आणि तसाच लांबत राहतो, वर चाळीसेक माणसं 'एकदम' म्हणून जे गातात ते खरं तर थोडं मागेपुढेच असतं आणि मोठ्या चर्चमध्ये आधीचा सूर विरायच्या आत पुढचा येऊन बसतो. मग अ‍ॅप अंदाज मारतं, आणि दुप्पट किंवा निमपट ही त्याची नेहमीची चूक. त्यात प्रत्येक ओळ संपली की क्वायर श्वास घेणार, तिथे लय जरा ताणली जाणार, ते तर त्याला कळतच नाही.

त्यापेक्षा स्वतः मोजा, सोपंय. या चालीत एका ओळीच्या १६ मात्रा, चार ओळींचं कडवं, म्हणजे ६४ मात्रा. मधलं एखादं कडवं घ्या (शेवटचं नको, तिथे बहुतेक जण मुद्दाम लय सोडतात), स्टॉपवॉच लावा आणि ३८४० ला (६४ मात्रा गुणिले ६० सेकंद) आलेल्या सेकंदांनी भागा. कडवं ५३ सेकंदांत संपलं तर टेम्पो ७२ च्या आसपास, ६४ सेकंद लागले तर ६०. श्वासाचा वेळ यात धरला जातो म्हणून आकडा किंचित कमी येईल, येऊ दे. तसंही ७२ हा आकडा त्या रेकॉर्डिंगचा आहे, भजनाचा नाही. तुमचा हॉल लहान असेल, आवाज घुमत नसेल, तर ६० वर गाताना लोकांचा श्वास ओळीच्या अध्येमध्ये तुटणार, मग थोडं पुढे घ्या की.

आता सूर. सी मायनर नाही, ई फ्लॅट मेजर, म्हणजे तुमची काळी दोन. दोन्हीत स्वर तेच सात, फक्त सा वेगळा, म्हणून अ‍ॅप फसतं. शेवटच्या ओळीचा शेवटचा स्वर आणि त्याखालचा बेस (सगळ्यात खालचा सूर) पेटीवर लावून बघा, काळी दोनवरच येऊन थांबतात. विल्यम हेन्री मंकची ही चाल १८६१ च्या 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या भजनांच्या पुस्तकात आली आणि आजही बहुतेक पुस्तकांत ती ई फ्लॅटमध्येच छापतात. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइटचे, ते १८४७ चे.

प्रश्न : मेजर म्हणजे आनंदी असं शिकवतात, मग हे इतकं व्याकूळ का वाटतं? कुठला राग आहे हा? – पुणे

उत्तर : राग शोधू नका, ही हार्मनीची चाल आहे, चार आवाज मिळून होते. स्वर बिलावल थाटाचे एवढंच म्हणता येईल. पण चलन बघा ना, पहिलीच ओळ ग ग रे सा, म्हणजे सुरुवातच गंधारावरून खाली उतरत, मग सा वरून एकदम पंचमावर उडी, ध ला टेकून परत प प म ग. ओळ संपते तीही ग वरच, सा वर नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ग, तीव्र म, प असं येतं, अख्ख्या चालीत तीव्र मध्यम तेवढ्यापुरताच, आणि क्षणभर पंचमच सा झाल्यासारखा वाटतो. मला विचाराल तर सगळी जान तिथे आहे. तिसऱ्या ओळीत परत ग ग रे सा. मुक्काम मिळतो तो थेट चौथ्या ओळीत. त्यात संथ लय, आणि शब्द दिवस मावळतानाचे, मरणाचे. नुसतं मेजर-मायनर बघून भाव ठरत नाही हो.

आणि एक गंमत, सगळी चाल सा ते ध एवढ्यातच फिरते, वरचा सा सुद्धा लागत नाही. म्हणून कुणालाही गाता येते. इंग्लंडमध्ये १९२७ पासून फुटबॉलच्या एफए कप फायनलच्या आधी अख्खं स्टेडियम गातं. आपल्याकडे गांधीजींची आवडती म्हणून बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याच्या समारोपाला, लष्करी बँडवर वर्षानुवर्षं वाजायची, २०२२ मध्ये ती काढली. पण बँडवर ऐकलेली आणि क्वायरची यात फरक पडतोच, बँडला शब्द नाहीत त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा हे शब्दांवरून ठरत नाही.

प्रश्न : रेकॉर्डसोबत पेटी वाजवली तर सूर जुळतच नाही, काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कुठेतरी लागतो. – मिरज

उत्तर : जुन्या तबकडीवरून किंवा कॅसेटवरून कॉपी केलेलं असणार. मशीन साधारण ६ टक्के जोरात फिरलं की सूर बरोबर एक पट्टी वर चढतो, ३ टक्के फिरलं तर असाच अधांतरी लटकतो, आणि सुराबरोबर लयही पळते, ७२ ची ७४ होते. पेटीचा सूर काही सरकवता येत नाही, तेव्हा रेकॉर्डिंगचाच स्पीड एखाद्या ऑडिओ अ‍ॅपमध्ये कमी करा. पण 'फक्त पिच' वालं बटण नको, स्पीड आणि पिच दोन्ही एकत्र उतरवणारं घ्या, म्हणजे मूळ लयही परत मिळेल. जुना ऑर्गनच चढा लावलेला असेल तर मात्र ही युक्ती चालणार नाही, सूर जुळेल पण लय उगाच मंदावेल. आणि तालमीत बायकांना काळी दोन जड जात असेल तर सरळ पांढरी दोन धरा, बेसवाले कुरकुरतील थोडे.