तुमचा प्रश्न : एकदा घेतलेली गोळी लागू पडली नाही

प्रश्न : वय ५२, राहणार इंदूर. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबासाठी अटेनोलॉल चालू आहे. वर्षभरापासून शिश्नाला ताठरता येते, पण टिकत नाही. सकाळीही पूर्वीसारखी येत नाही. मित्राने सिल्डेनाफिलची (व्हायग्रातलं औषध) ५० मिलिग्रॅमची गोळी दिली. ती घेतली त्या रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद), जिलबी, रबडी खाऊन आलो होतो. काहीच फरक पडला नाही. आता इलाज संपला का? पत्नीला वाटतं, माझं मन तिच्यावरून उडालं.

उत्तर : इलाज अजून सुरूच झालेला नाही. सिल्डेनाफिल तासभर आधी, रिकाम्या किंवा हलक्या पोटी घ्यायची असते. तळकट-तुपकट पोटभर खाल्लं की ती रक्तात उशिरा उतरते आणि कमी उतरते. शिवाय ती आपोआप ताठरता आणत नाही. इच्छा आणि स्पर्श यांमुळे शिश्नातले मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने सुरू झालेलं काम ही गोळी टिकवून धरते. गोळी घेऊन घड्याळाकडे बघत पडून राहिलं, तर काहीच होत नाही. नीट पद्धतीने, योग्य मात्रेत सहा-आठ वेळा घेऊन मगच निकाल द्यावा. याच प्रकारच्या टाडालाफिल या गोळीला जेवणाची अडचण नाही आणि तिचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. तुमच्यासाठी ती सोयीची ठरू शकते.

पण मित्राच्या पाकिटातली गोळी पुन्हा घेऊ नका. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब या गोळ्यांनी जिवावर बेतेल इतका उतरतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर थेट रुग्णालय गाठा.

सकाळची ताठरता मंदावली, म्हणजे कारण बहुधा शरीरात आहे. पत्नीला हे वाक्य जरूर वाचून दाखवा. वाढलेली साखर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर, दोन्ही बिघडवते. शिश्नाच्या रोहिण्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. म्हणून अडथळा आधी इथे जाणवतो आणि हृदयाचं दुखणं काही वर्षांनी वर येऊ शकतं. आम्हाला तुमच्या गोळीपेक्षा याची काळजी जास्त वाटते. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तपासा; कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

अटेनोलॉलनेही ताठरता घटू शकते, पण ते एकदम बंद करू नका, हृदयावर ताण येतो. पर्यायी औषध देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. तंबाखू, सिगारेट असेल तर आजच सोडा.

गोळ्यांनी भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप आहे (ताठरता टिकवायला शिश्नाच्या मुळाशी बसवायची त्याची रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही), शिश्नात घ्यायचं इंजेक्शन आहे, शेवटी शस्त्रक्रियेने आत बसवायचं इम्प्लांटही आहे. भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून चूर्ण आणू नका. अशा चूर्णांत न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि मात्रा किती ते कुणालाच ठाऊक नसतं.

आधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा, मग गरजेप्रमाणे यूरोलॉजिस्टकडे. चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि पत्नी तयार असतील तर त्यांनाही सोबत घ्या.